उत्तर

आउक्ये बत्तीस तीन दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती.
पाठ कमानीसारखी, कोपरं बाहेर काढलेली,
दर श्वासाच्या शेवटी बारीक कण्हणं.
मी खिशातून होकायंत्र काढलं.
म्हातारा गेरलोफ हसला:
वीत्स्केबाई, गोठ्यात वाट चुकलात काय?

तिच्या डाव्या कोपरामागे धरलं.
सुई थरथरली, आणि उत्तरेलाच थांबली,
बंधाऱ्यापलीकडे, राखी समुद्राकडे.
म्हणजे हिच्या पोटात अजून चुंबक नाही.
म्हणजे जे टोचतंय, ते मोकळं फिरतंय.

बोटाएवढा दंडगोल, टोकं घासून गोल केलेली.
गेरलोफनं जबडा धरला, मी तो घशात सोडला.
गाईनं आवंढा गिळला
आणि काढा प्यायलेल्या आत्याबाईसारखं माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात दारात येल्मर. नऊ वर्षांचा,
बूट बापाचे.
शेणातून बाहेर नाही पडणार?
नाही. जड आहे. दुसऱ्या पोटात बसेल,
तिथं आतून मधाच्या पोळ्यासारखं असतं.
तांब्याची तार धरेल? नाही.
पितळेची घंटा? तीही नाही.
दोन गाईंना दिला तर त्या चिकटतील एकमेकींना?
चिकटल्या तर बरंच, गेरलोफ म्हणाला,
एका स्टुलावर बसून दोघींचं दूध.
आणि सारखी टोकं समोर आली तर?
तर छत्तीसचा आकडा.

मधोमध कापला तर?
एकाकडे नुसती उत्तर, एकाकडे नुसती दक्षिण?
नाही रे. दोन्ही तुकड्यांना दोन्ही टोकं येतात.
कापत जा, भुगा होईपर्यंत कापत जा,
नुसतं उत्तर अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही.

त्याला दाराशी नेलं. कुरणात कालवडी होत्या.
बघ, हिचं तोंड कालव्याकडे, तिचं चर्चकडे,
ती तिसरी कुणाचंच ऐकत नाही.
हे साधं लोखंड.
आता तिरका पाऊस येऊ दे,
सगळ्या पाठ फिरवून एका दिशेला उभ्या राहतील.
ते चुंबक.
आणि उन्हाळ्यात गोमाशा आल्या की?
मग उधळतात. लोखंडही तापलं की तसंच उधळतं,
कुठं तोंड करून उभं होतं ते विसरतं.

पण न शिवता ओढतं कसं?

इथं मी अडले.
नियम येतो मला, समीकरण लिहून दाखवीन,
पण ते कुंपण झालं, आतलं गवत नव्हे.
सुई उत्तर दाखवते म्हणतात.
आणि ती जिकडे धावते तिथं
पृथ्वीच्या चुंबकाचं दक्षिण टोक बसलंय.

तो गप्प झाला. बुटानं भुसा उकरत राहिला.
मग अगदी हळू:
किती खिळे मावतील त्याला?
किती म्हणजे?
म्हणजे, समजा, चाळीस.

चाळीस हा आकडा कुणी सहज विचारत नाही.
माळ्याच्या शिडीखाली सशाचं अर्धं खुराडं होतं,
हातोडी होती,
आणि खिळ्यांची पुठ्ठ्याची पेटी, तळ फाटलेली.

गेरलोफनं ते सगळं बघितलं.
गाय पोटात घालते, म्हणाला,
चार पोटं आहेत तिला.
म्हणून तिनंच घालायचं का?
मग ट्रॅक्टरच्या शेडमधून
काढून आणला एक जाडजूड चुंबक, दोरी बांधून,
आणि आजा-नातू गवतावरून तो ओढत राहिले,
मी निघाले तेव्हा दिवे लागले होते.

आठ दिवसांनी गेले तर आउक्ये खात होती.
सदतीस मिळाले, येल्मर म्हणाला.
होकायंत्र त्यानं माझ्या हातातून घेतलं,
तिच्या कोपरामागे धरलं,
श्वास रोखून.

सुई उत्तर सोडून गाईकडे वळली.
तीनही? त्यानं विचारलं.
तिनं कान हलवला, आणि रवंथ चालू ठेवला.